नियंत्रण कक्षातील दर्शनयोजना

वीजनिर्मिती केंद्र, तेलशुद्धीकरण कारखाना, लोहमार्ग, पाणीपुरवठा केंद्र यांसारख्या मोठ्या व गुंतागुंतीच्या यंत्रणेचे नियमन ज्या जागेतून केले जाते तिला नियंत्रण कक्ष म्हणतात. या कक्षात बसणाऱ्या प्रचालकाला (यंत्रणा चालविणाऱ्या व्यक्तीला) प्रत्यक्ष यंत्रणा दिसत नाही. पाइपातून वाहणारा द्रव, बाष्पित्रातील पाण्याची पातळी किंवा वीस किमी. अंतरावरील गाडी यांच्याविषयी त्याला जे कळते ते समोरच्या तबकड्या, दिवे, आलेख व पडदे यांवरूनच कळते. ही माहिती कोणत्या रूपात, कोणत्या क्रमाने व कोठे मांडावी यासंबंधीच्या आराखड्याला दर्शनयोजना असे म्हणतात. हा विषय मानवी अभियांत्रिकीची एक शाखा असून त्यात अभियांत्रिकी, शरीरक्रियाविज्ञान व मानसशास्त्र यांचा उपयोग होतो.

दर्शनयोजनेचा हेतू माहिती पुरविणे हा आहे असे सामान्यतः समजले जाते. पण ही समजूत अपुरी आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नियंत्रण कक्षांशी निगडित असे जे मोठे अपघात झाले त्यांपैकी अनेकांत आवश्यक ती माहिती कक्षात कोठे ना कोठे उपलब्ध होती. ती विखुरलेली होती, शेकडो निरुपयोगी संदेशांत बुडालेली होती किंवा जी गोष्ट दाखवीत असल्याचे भासत होते त्याहून वेगळीच गोष्ट दाखवीत होती. म्हणून यंत्रणेची खरी अवस्था प्रचालकाला वेळेत ओळखता येणे, ही दर्शनयोजनेची कसोटी मानावी लागते. किती आकडे दिसतात, याला त्या मानाने महत्त्व नाही.

पूर्वेतिहास : सुरुवातीच्या कारखान्यांत प्रत्येक यंत्राजवळच त्याचा दाबमापक व तापमापक बसविलेला असे आणि कामगार फेरी मारून वाचने घेत असे. यंत्राचा आवाज, कंप, वास व उष्णता यांचीही त्याला साक्ष मिळे. १९३० नंतरच्या दशकांत हवेच्या दाबाने संकेत दूरवर नेणारी उपकरणे प्रचारात आली आणि सर्व मापके एका खोलीतील लांब फलकावर एकत्र आणणे शक्य झाले. पुढे विद्युत् संकेतांमुळे अंतराचे बंधन उरले नाही. यामुळे नियमन सोयीचे झाले. पण कान, नाक व त्वचा यांनी होणारे ज्ञान बंद पडले आणि सर्व भार डोळ्यांवर आला.

डोळ्यांची चूक कशी होते याचा पद्धतशीर अभ्यास दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या निमित्ताने सुरू झाला. अमेरिकी बॉंबफेकी विमानांत चाके व पंखांवरील झापा यांच्या कळा शेजारीशेजारी व एकसारख्या असल्यामुळे वैमानिक विमान उतरल्यावर झापांऐवजी चाकेच आत ओढून घेत. ॲल्फॉन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञांनी एका कळीला चाकाचा व दुसरीला पाचरीचा आकार देऊन हा घोटाळा थांबविला. पॉल फिट्स व त्यांचे सहकारी यांनी १९४७ मध्ये उपकरणे वाचताना झालेल्या २७० चुकांचे वृत्तांत तपासले. एकाच तबकडीवर तीन काटे असलेला उंचीमापक वाचताना वैमानिकांची काही हजार फुटांची चूक होते, असे याच सुमारास दिसून आले. ‘वैमानिकाची चूक’ म्हणून नोंदल्या जाणाऱ्या पुष्कळ घटना वस्तुतः उपकरण आखणाऱ्याच्या चुका असतात हा या अभ्यासाचा निष्कर्ष होता आणि नियंत्रण कक्षांच्या बाबतीत तो मान्य होण्यास आणखी तीन दशके लागली.

युद्धकाळातील एका कक्षाचा उल्लेख येथे मुद्दाम केला पाहिजे. लंडनजवळील अक्सब्रिज येथे ब्रिटिश वायुसेनेच्या भूमिगत कक्षात एका मोठ्या टेबलावर नकाशा असे व शत्रुविमानांची स्थाने त्यावर खुणांनी दाखवीत. भिंतीवरील घड्याळाच्या तबकडीचे पाच पाच मिनिटांचे भाग तांबड्या, पिवळ्या व निळ्या रंगांत रंगविलेले होते. खबर आली त्या वेळी मिनिटकाटा ज्या रंगावर असेल त्याच रंगाचा बाण नकाशावर ठेवला जाई. त्यामुळे कोणती खबर ताजी व कोणती शिळी हे एका दृष्टिक्षेपात कळे. माहितीबरोबर माहितीचे वयही दाखवावे लागते, हे तत्त्व १९४० मध्ये लाकडी टेबलावर पाळले जात होते. नंतरच्या काळातील अनेक संगणकीय पडद्यांवर ते पाळले गेले नाही.

थ्री माइल आयलंडचा अपघात : दर्शनयोजनेच्या इतिहासात २८ मार्च १९७९ हा दिवस महत्त्वाचा मानला जातो. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील थ्री माइल आयलंड अणुविद्युत् केंद्राच्या दुसऱ्या संचात पहाटे ४ च्या सुमारास पाणीपुरवठ्याचे पंप बंद पडले. दाब वाढल्यामुळे दाब कमी करणारी एक झडप अपेक्षेप्रमाणे आपोआप उघडली. दाब उतरल्यावर ती मिटावयास हवी होती. पण ती उघडीच अडकली व अणुभट्टीला थंड ठेवणारे पाणी तिच्यातून वाहून जाऊ लागले. फलकावर या झडपेचा एक दिवा होता आणि तो विझला. दिवा विझला म्हणजे झडप मिटली असा अर्थ प्रचालकांनी घेतला. प्रत्यक्षात तो दिवा झडपेच्या विद्युत् चुंबकाला प्रवाह मिळत आहे की नाही एवढेच दाखवीत होता. झडप मिटण्याची आज्ञा गेली होती, हे त्या दिव्याचे खरे विधान होते. आज्ञा पाळली गेली की नाही, हे सांगण्याची सोय त्यात नव्हती.

याला पुष्टी देणाऱ्या आणखी काही उणिवा होत्या. अणुभट्टीच्या पात्रातील पाण्याची पातळी थेट दाखविणारे उपकरणच नव्हते. ती दाबनियामक टाकीतील पातळीवरून ताडावी लागे. त्या टाकीतील पातळी वाढत होती. त्यावरून पाणी जास्त झाले आहे असे समजून प्रचालकांनी आपोआप सुरू झालेला आपत्कालीन पाणीपुरवठा कमी केला, तर पात्रातील पाणी प्रत्यक्षात घटत होते. गळणारे पाणी ज्या टाकीत साचत होते तिचे मापक मुख्य फलकाच्या मागील बाजूस होते व आपल्या जागेवरून ते कोणालाच दिसत नव्हते. साहाय्यक पाणीपुरवठ्याच्या झडपा मिटलेल्या राहिल्या होत्या. ते दाखविणाऱ्या दिव्यांपैकी एक देखभालीच्या चिठ्ठीखाली झाकला गेला होता. पहिल्या काही मिनिटांतच शंभराहून अधिक इशारे सुरू झाले आणि त्यांतील बिनमहत्त्वाचे बंद करण्याची काहीही सोय नव्हती. इशाऱ्यांची नोंद करणारा मुद्रक प्रत्यक्ष घटनांच्या दोन तासांहून अधिक मागे पडला. अडकलेल्या झडपेच्या मार्गातील दुसरी झडप सकाळी सव्वासहानंतर मिटविण्यात आली तेव्हा गळती थांबली. तोपर्यंत इंधन उघडे पडले होते व अखेरीस अणुभट्टीच्या गाभ्याचा जवळजवळ निम्मा भाग वितळला. हा संच पुन्हा कधीही सुरू झाला नाही.

चौकशीसाठी अध्यक्ष कार्टर यांनी जॉन केमेनी यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. केमेनी हे गणितज्ञ असून बेसिक या संगणकभाषेचे एक जनक होत. ऑक्टोबर १९७९ मधील अहवालात आयोगाने प्रचालकांच्या कृती नोंदविल्याच. पण त्यांचे प्रशिक्षण, लेखी कार्यपद्धती व नियंत्रण कक्षाची रचना यांवरही ठपका ठेवला. त्यानंतर अमेरिकेतील सर्व अणुविद्युत् केंद्रांच्या कक्षांची तपासणी झाली, १९८१ मध्ये कक्षरचनेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध करण्यात आली आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने निर्णायक अशा मोजक्या राशी एकत्र दाखविणारा स्वतंत्र पडदा सक्तीचा झाला. काही ठिकाणी या पडद्यावर बहुभुजाकृतीचा उपयोग केला गेला. सर्व राशी योग्य असल्यास आकृती सुडौल दिसते व एखादी बिघडल्यास ती वेडीवाकडी होते. बिघाड आहे हे अशा आकृतीने चटकन कळते, मात्र तो कशाचा आहे हे शोधण्यासाठी इतर पडद्यांकडे वळावेच लागते.

आज्ञा व अवस्था : वरील दिव्याचे उदाहरण अपवादात्मक नाही. विद्युत् चलित्राचे बटण दाबल्यावर लागणारा दिवा पुष्कळदा चलित्राला प्रवाह मिळाला एवढेच सांगतो. त्याला जोडलेला पंप पाणी ढकलीत आहे की जोडदांडा तुटून चलित्र नुसतेच फिरत आहे, हे प्रवाहमापकाशिवाय कळत नाही. २४ जुलै १९९४ रोजी वेल्समधील मिलफर्ड हेवन येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात जो स्फोट झाला त्याच्या मुळाशीही हाच प्रकार होता. एक झडप मिटलेल्या स्थितीत अडकली होती व पडद्यावर ती उघडी दिसत होती. एका पात्रात द्रव येत राहिला व बाहेर पडेना. म्हणून मान्य झालेली पद्धती अशी की, आज्ञा व प्रत्यक्ष अवस्था या दोन्ही स्वतंत्र संवेदकांद्वारे मिळवून वेगवेगळ्या खुणांनी दाखवाव्यात आणि त्यांत तफावत असेल, तर ती तफावतच ठळक करावी. जेथे अवस्था मोजली जात नाही तेथे पडद्याने तसे कबूल करावे. न मोजलेली गोष्ट मोजल्यासारखी दाखविणे हा दर्शनयोजनेतील सर्वांत घातक दोष होय.

एकटा आकडा व त्याचे संबंध : आकडा अचूक असूनही निरुपयोगी ठरू शकतो. भोपाळ येथील कीटकनाशक कारखान्यात २ डिसेंबर १९८४ च्या रात्री मिथिल आयसोसायनेटाच्या टाकीतील दाब सुमारे १०·२० वाजता २ पौंड प्रति चौ. इंच होता व ११ वाजता तो १० वर गेला होता, असे नंतरच्या वृत्तांतांत नोंदलेले आहे. याच सुमारास पाळी बदलली होती. २ ते २५ पौंड हा नेहमीचा पल्ला समजला जात असल्यामुळे १० हे वाचन पाहून नव्या पाळीतील कोणालाही काही वावगे वाटले नाही. मर्यादेच्या दृष्टीने वाचन निर्दोषच होते. बातमी होती ती पाऊण तासात दाब पाचपट झाल्याची आणि ती केवळ काट्याच्या स्थानावरून मिळत नाही. त्या रात्रीच्या भीषण वायुगळतीस इतर अनेक गंभीर कारणे होती व केवळ आलेख असता तर ती टळली असती असे म्हणता येणार नाही. तरी प्रत्येक महत्त्वाच्या राशीशेजारी तिचा मागील काही तासांचा आलेख आणि नेहमीच्या पल्ल्याचा पट्टा असावा, हा नियम का पडला हे यावरून समजते.

काही वेळा अर्थ दोन आकड्यांच्या वजाबाकीत असतो. अमेरिकेतील टेक्सस सिटी येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात २३ मार्च २००५ रोजी सु. ५२ मी. उंचीचा एक मनोरा सुरू करताना त्यात तीन तासांहून अधिक काळ द्रव भरला जात होता व बाहेर जाण्याचा मार्ग बंद होता. पातळीमापक मनोऱ्याच्या तळाकडील तीन मी.हूनही कमी भागापुरताच होता. द्रव त्या भागाच्या कितीतरी वर, सु. ४८ मी.पर्यंत गेला, तेव्हा पातळी मर्यादेत असून हळूहळू उतरत आहे असे चुकीचे वाचन तो देत होता. आत येणारा प्रवाह एका पडद्यावर व बाहेर जाणारा दुसऱ्या पडद्यावर होता आणि मनोऱ्यात एकूण किती द्रव साठला याचा हिशोब कोठेच दाखविला जात नव्हता. स्फोटात १५ जण मृत्यू पावले व १८० जण जखमी झाले. पडद्यासमोर बसलेला प्रचालक सलग २९ दिवस रोज १२ तास काम करीत होता, असे चौकशीत आढळले. थकलेल्या माणसाने दोन पडद्यांवरील आकडे लक्षात ठेवून मनातल्या मनात वजाबाकी करावी अशी अपेक्षा त्या रचनेत गृहीत धरलेली होती.

संबंध दाखविणाऱ्या आकृतीचा उत्तम नमुना भारतीय वाचकाला रेल्वेत पाहावयास मिळतो. विभागीय गाडी नियंत्रकापुढील तक्त्यावर आडव्या दिशेने वेळ व उभ्या दिशेने स्थानके मांडलेली असतात. प्रत्येक गाडीची एक तिरकी रेघ असते. रेघ जितकी उभट तितकी गाडी वेगवान. रेघ आडवी झाली की गाडी उभी आहे. दोन रेघा जेथे छेदतात तेथे एक गाडी दुसरीला ओलांडणार किंवा समोरून येऊन भेटणार. एकेरी मार्गावर हा छेद स्थानकावरच पडावा लागतो. तो दोन स्थानकांच्या मध्ये पडणार असे दिसताच नियंत्रक कोणत्या गाडीला कोठे थांबवावयाचे हे ठरवितो. एकही आकडा न वाचता वेग, उशीर आणि पुढील तासाभरातील अडचण त्याला या रेघांत दिसते. हा तक्ता पूर्वी पेन्सिलीने भरला जाई. आता तो संगणक काढतो. आकृती मात्र एकोणिसाव्या शतकातलीच आहे व ती बदलण्याची कोणाला गरज भासलेली नाही.

डॅनिश अभियंते येन्स रासमुसेन यांनी या अनुभवांना शास्त्रीय बैठक दिली. प्रचालकाचे वर्तन सवयीने होणारे, नियमानुसार होणारे व मूळ ज्ञानाच्या आधारे विचारपूर्वक होणारे असे तीन पातळ्यांवरचे असते, असे त्यांनी १९८३ मध्ये मांडले. ओळखीचा बिघाड पहिल्या दोन पातळ्यांवर निभावतो. पूर्वी कधी न घडलेला प्रसंग आला, की माणसाला वस्तुमान, ऊर्जा व दाब यांचे मूलभूत संबंध आठवून विचार करावा लागतो. हे संबंधच पडद्यावर आकृतिरूपाने उतरवावेत, अशी विचारसरणी रासमुसेन व कॅनडातील किम व्हिसेंटे यांनी १९९२ च्या सुमारास विकसित केली. पातळी, प्रवाह व साठा एकाच आकृतीत जोडले, तर येणारे व जाणारे यांचा मेळ बसत नाही हे डोळ्यांनाच दिसते.

इशारे : राशी मर्यादेबाहेर गेली की घंटा वाजविणे व दिवा लुकलुकविणे ही योजना जुनी आहे. फलकाच्या काळात प्रत्येक इशाऱ्यासाठी तार ओढावी लागे व जागा खर्चावी लागे. म्हणून इशारे मोजके असत. संगणकामुळे नवा इशारा जवळजवळ फुकट झाला व प्रत्येक अभियंत्याने आपापल्या यंत्रासाठी चारदोन घातले. मिलफर्ड हेवन येथे स्फोटापूर्वीच्या शेवटच्या १०·७ मिनिटांत दोन प्रचालकांपुढे २७५ इशारे आले, म्हणजे साधारणपणे दर दोन ते अडीच सेकंदांना एक. त्यांतील बहुसंख्य ‘अतिमहत्त्वाचे’ म्हणून नोंदलेले होते. अशा वेळी माणूस एकच गोष्ट करू शकतो व ती म्हणजे न वाचता घंटा बंद करीत राहणे.

१९९९ मध्ये ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या व पुढे जगभर मानल्या गेलेल्या मार्गदर्शिकेनुसार नेहमीच्या कामकाजात एका प्रचालकाला सरासरी दहा मिनिटांत एकाहून अधिक इशारा येऊ नये आणि मोठ्या बिघाडानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत ही संख्या दहाच्या आत असावी. हे साधावयाचे, तर प्रत्येक इशाऱ्याला एक प्रश्न विचारावा लागतो : तो ऐकून प्रचालकाने काय करावयाचे आहे? करण्याजोगे काही नसेल, तर तो इशारा नव्हे. तिची नुसती नोंद ठेवावी. एका मूळ बिघाडातून निघणारे शेकडो दुय्यम इशारे दाबून मूळ कारण वर आणणे हे याहून अवघड काम असून त्याचे पूर्ण समाधानकारक उत्तर अद्यापि सापडलेले नाही.

रंग, अक्षरे व प्रकाश : रंगांचा मोह आवरणे आवश्यक असते. सुरुवातीच्या रंगीत पडद्यांवर काळ्या पार्श्वभूमीवर हिरव्या, निळ्या, जांभळ्या पाइपांची व फिरत्या पंपांची चित्रे काढली जात. ती पाहुण्यांना आवडत. पण सगळेच रंगीत असल्यावर बिघाडाच्या तांबड्या रंगाचा उठाव राहत नाही. म्हणून आता फिकट करड्या पार्श्वभूमीवर करड्याच छटांत चित्र काढून भडक रंग केवळ विकृत अवस्थेसाठी राखून ठेवण्याकडे कल आहे. रंगांच्या अर्थाविषयीही एकवाक्यता नाही. विद्युत् क्षेत्रात तांबडा दिवा म्हणजे मंडल जोडलेले व प्रवाह चालू आणि हिरवा म्हणजे बंद, तर रस्त्यावर तांबडा म्हणजे थांबा. भारतीय रेल्वेच्या सिग्नल फलकावर लावलेला मार्ग पांढऱ्या प्रकाशपट्टीने व गाडीने व्यापलेला रूळ तांबड्या पट्टीने दाखवितात. एका कक्षात यांपैकी एकच संकेत कटाक्षाने पाळावा लागतो. युरोपीय वंशाच्या पुरुषांत सु. ८ टक्के लोकांना तांबडा व हिरवा यांतील भेद नीट कळत नाही. इतरत्र हे प्रमाण कमी असले, तरी केवळ रंगावर अर्थ सोपविणे धोक्याचे असते. म्हणून आकार, अक्षर किंवा स्थान यांची जोड देतात.

अक्षराची उंची डोळ्याशी सु. २० मिनिटांचा (अंशाचा एकतृतीयांश) कोन करील इतकी असावी. म्हणजे ७० सेंमी.वरील पडद्यावर सु. ४ मिमी. आणि ५ मी.वरील भिंतफलकावर सु. ३ सेंमी. लुकलुकणे हे प्रचालकाने अद्याप दखल न घेतलेल्या इशाऱ्यापुरतेच ठेवतात. छतावरील दिव्यांचे प्रतिबिंब पडद्यात पडू नये अशी मांडणी करतात. भारतातील बहुतेक कक्षांत पडद्यावरील मजकूर इंग्रजी संक्षेपांत असतो व प्रचालकांचे आपसातील बोलणे मराठी, हिंदी किंवा अन्य भाषेत चालते. एकच संक्षेप दोन यंत्रांना दिला गेल्यास होणारा घोटाळा अशा ठिकाणी अधिक संभवतो.

पडदे व मोठा फलक : १९७५ नंतर संगणकाधिष्ठित नियमन प्रणाली आल्या व पंचवीस-तीस मी. लांबीच्या फलकाची जागा काही पडद्यांनी घेतली. या बदलात एक गोष्ट हरवली. फलकावर प्रत्येक मापकाची जागा ठरलेली असे व खोलीत शिरताच अनुभवी माणसाला कोठे काय बिघडले आहे याचा अंदाज येई. पडद्यावर एका वेळी एकच पान दिसते व उरलेली शेकडो पाने झाकलेली राहतात. दाराच्या फटीतून मोठा वाडा पाहावा तसे हे होते. म्हणून संपूर्ण यंत्रणेचे चित्र सर्वांना एकदम दिसेल असा मोठा भिंतफलक पुन्हा बसविण्यात येऊ लागला.

तो नसल्याचे मोल १४ ऑगस्ट २००३ रोजी दिसून आले. त्या दिवशी अमेरिकेच्या ओहायओ राज्यातील एका वीज कंपनीच्या कक्षात दुपारी २·१४ च्या सुमारास इशारे देणारी संगणकप्रणाली बंद पडली व ती बंद पडल्याचा इशारा कोणालाही मिळाला नाही. पुढील दीड तासात तीन मोठ्या वाहिन्या झाडांना लागून निकामी झाल्या. बाहेरून दूरध्वनी येत होते. पण पडदे शांत असल्यामुळे प्रचालकांना त्यांवर विश्वास ठेवणे जड गेले. इतर अनेक कक्षांत असलेला वाहिन्यांचा भिंतीवरील नकाशाफलक तेथे नव्हता, याची नोंद चौकशी अहवालात आहे. दुपारी ४ नंतर काही मिनिटांतच अमेरिका व कॅनडा यांतील सु. ५ कोटी लोकांची वीज गेली. शांत पडदा आणि मेलेला पडदा यांत फरक दिसावा यासाठी आता प्रत्येक पानावर सतत बदलणारी एखादी खूण ठेवतात व जुनी झालेली वाचने फिकट करून किंवा खुणेने वेगळी दाखवितात. अक्सब्रिजच्या रंगीत बाणांचे हे नवे रूप होय.

भारतातील वीजजाळ्याचे नियमन राष्ट्रीय, प्रादेशिक व राज्य भार प्रेषण केंद्रांतून होते. महाराष्ट्राचे राज्य केंद्र कळवा येथे व पश्चिम विभागाचे केंद्र मुंबईत आहे. या कक्षांत सर्वांत ठळक आकडा विद्युत् प्रवाहाच्या कंप्रतेचा (दर सेकंदास होणाऱ्या आवर्तनांच्या संख्येचा) असतो. ती ५० असावी लागते. मागणी निर्मितीपेक्षा वाढली की ती उतरते व उलट झाल्यास चढते. संपूर्ण देशाचा तोल एका संख्येत सामावलेला असल्यामुळे ही संख्या दर्शनयोजनेच्या दृष्टीने आदर्श वाटते. पण तिची मर्यादा ३० व ३१ जुलै २०१२ रोजी प्रत्ययास आली. ३० तारखेस पहाटे २·३३ वाजता बीना–ग्वाल्हेर ही अतिभारित वाहिनी तुटल्यानंतर उत्तर विभाग अंधारात गेला व दुसऱ्या दिवशी दुपारी १ वाजता उत्तर, पूर्व व ईशान्य असे तीन विभाग कोलमडले. पश्चिम विभाग मात्र टिकून राहिला. जाळ्यातील ताण दोन विभागांना जोडणाऱ्या वाहिन्यांवर होता आणि असा ताण कंप्रतेवरून समजत नाही. तो दोन दूरच्या ठिकाणच्या विद्युत् दाबांमधील कोनीय फरकावरून समजतो. यानंतर उपग्रहाच्या कालसंकेताशी जुळवून सेकंदास २५ वेळा हा कोन मोजणारी उपकरणे देशभर बसविण्याच्या कामाला गती मिळाली. ही वाचने नकाशावर छटांनी दाखविता येतात. एवढ्या वेगाने येणाऱ्या माहितीतून प्रचालकाला नेमके काय दाखवावे हा मात्र नवा प्रश्न निर्माण झाला आहे.

आखणी व चाचणी : चांगल्या दर्शनयोजनेचे काम प्रचालकाला कोणते निर्णय घ्यावे लागतात याची यादी करण्यापासून सुरू होते. संयंत्राचा पाइप-आराखडा तसाच पडद्यावर चढविण्याची प्रथा सोयीची आहे. पण तो आराखडा संयंत्र बांधणाऱ्यासाठी असतो, चालविणाऱ्यासाठी नव्हे. मसुदा तयार झाल्यावर त्याची चाचणी प्रतिरूपकावर (खऱ्या यंत्रणेसारखे वागणाऱ्या संगणकीय व्यवस्थेवर) प्रत्यक्ष प्रचालकांकडून करवून घेतात. बिघाड घातल्यावर तो लक्षात येण्यास किती वेळ लागला व निदान बरोबर होते का, हे पाहतात. पडदा मध्येच कोरा करून ‘आता टाकीतील पातळी किती होती व ती कोणीकडे चालली होती?’ असे विचारण्याची पद्धतही रूढ आहे. पडदा आवडला का, हे विचारून फारसे हाती लागत नाही. लोकांना रंगीत व सवयीचा पडदा आवडतो आणि त्यावर ते चुकाही तितक्याच करतात.

स्वयंचलन वाढल्यावर हा प्रश्न सुटेल ही अपेक्षा फोल ठरली आहे. नॉर्मन मॅकवर्थ यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, क्वचितच बदलणाऱ्या काट्याकडे पाहत बसलेल्या माणसाची दक्षता पहिल्या अर्ध्या तासातच घसरते असे आढळले होते. लिझॅन बेनब्रिज यांनी १९८३ मध्ये याच्या पुढची अडचण दाखविली. यंत्र सोपी कामे स्वतः करते व अवघड प्रसंग माणसावर सोपविते. पण रोजचा सराव सुटल्यामुळे नेमका त्याच प्रसंगी तो माणूस कमी तयारीचा असतो. त्यामुळे स्वयंचलित प्रणाली या क्षणी काय करीत आहे, कशाच्या आधारे करीत आहे व तिची क्षमता संपण्यास किती अवकाश आहे, हेही पडद्यावर दाखवावे लागते. एखाद्या टाकीची गळती भरून काढण्यासाठी नियामक आपोआप झडप उघडीत गेला, तर पातळी शेवटपर्यंत स्थिर दिसते. झडप ९० टक्के उघडली आहे हे पातळीच्या शेजारीच दिसत असेल, तर गळतीची शंका प्रचालकाला तासभर आधी येते.